समुद्रातल्या ड्रिलिंग रिग, त्यांचे ऑपरेटर आणि कामावरचे अपघात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिगवर पहिल्यांदा जाणारी मुलं, त्यांच्या घरची माणसं आणि एखाद्या दुर्घटनेची बातमी वाचून अस्वस्थ झालेले लोक साधारण हेच प्रश्न विचारतात. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ द्यावा लागतो.

रिग आणि प्लॅटफॉर्म एकच का?

नाही. रिग विहीर खोदते. खोदून झालं की ती दुसरीकडे हलते. प्लॅटफॉर्म बहुतेक वेळा समुद्रतळावर कायमचा रोवलेला असतो आणि वर्षानुवर्षं तेल-वायू काढत राहतो. बातम्यांत दोन्हींना सर्रास ‘रिग’ म्हणतात. धोके मात्र वेगळे आहेत. रिगवर मोठी भीती विहिरीतून उसळणाऱ्या दाबाची असते. प्लॅटफॉर्मवर भीती असते ती पाइपांतून सतत वाहणाऱ्या ज्वलनशील वायूची.

रिगचे प्रकार किती?

मुख्य तीन. जॅक-अप रिग आपले पाय समुद्रतळावर टेकवून अंग पाण्याच्या वर उचलून घेते. ती साधारण सव्वाशे ते दीडशे मीटर खोलीपर्यंतच चालते. सेमी-सबमर्सिबल रिग अर्धी बुडालेली, तरंगती असते. ती नांगरांवर किंवा संगणकाने चालवलेल्या थ्रस्टरांवर (पाण्याखालच्या पंख्यांवर) जागा धरून राहते. ड्रिलशिप म्हणजे पोटातून ड्रिलिंग करणारं जहाज, तीन हजार मीटरपेक्षा जास्त खोल पाण्यातही काम करणारं.

ऑपरेटर म्हणजे रिगचा मालक का?

हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो. अपघातानंतर दोष कोणाचा यावरचा गोंधळही इथूनच सुरू होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

ऑपरेटर म्हणजे त्या क्षेत्रात तेल शोधण्याचा परवाना ज्या कंपनीकडे आहे ती. विहीर कुठे, किती खोल, कोणत्या पद्धतीने खोदायची हे ती ठरवते. रिग बहुधा तिची नसतेच. ती ड्रिलिंग कंत्राटदाराची असते आणि दिवसाच्या भाड्याने घेतलेली असते. बहुतेक खलाशी, ड्रिलर, क्रेन ऑपरेटर हे त्या कंत्राटदाराच्या पगारावर. याशिवाय सिमेंट भरणारी कंपनी वेगळी, मड म्हणजे विहिरीत भरायचा जड द्रव सांभाळणारी वेगळी, विहिरीची मोजमापं घेणारी वेगळी, जेवण आणि साफसफाई पाहणारी आणखी वेगळी. शंभर-सव्वाशे माणसं एकाच लोखंडी बेटावर राहतात, पण त्यांच्या हेल्मेटवर दहा-बारा कंपन्यांची नावं असतात.

२०१० साली स्फोट झालेल्या डीपवॉटर होरायझन या रिगचंच पाहा. रिग ट्रान्सओशनची, विहिरीची ऑपरेटर बीपी, सिमेंटचं काम हॅलिबर्टनचं, विहिरीचं तोंड बंद करणारा ब्लोआउट प्रिव्हेंटर कॅमेरॉनने बनवलेला, रिगची नोंदणी मार्शल बेटांवर आणि अपघात अमेरिकेच्या हद्दीत, मेक्सिकोच्या आखातात. २०१४ साली अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने त्या अपघाताची जबाबदारी वाटून दिली : बीपी ६७ टक्के, ट्रान्सओशन ३० टक्के, हॅलिबर्टन ३ टक्के. आकडे कोर्टाने ठरवले. पण अकरा माणसं गेली ती या तिघांच्या मधल्या फटीत, असं मला ठामपणे वाटतं. एकाला ठाऊक होतं ते दुसऱ्यापर्यंत नीट पोचलं नाही. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हीच गोष्ट पुन्हा दिसेल.

रिगवर शेवटचा शब्द कोणाचा?

ऑफशोअर इन्स्टॉलेशन मॅनेजरचा, म्हणजे ओआयएमचा. ड्रिलिंगची रोजची जबाबदारी टूलपुशरची, यंत्राच्या खुर्चीवर ड्रिलर, डेरिकवर, म्हणजे रिगच्या मनोऱ्यावर, उंच चढून पाइप लावणारा डेरिकमन, ड्रिल फ्लोअरवर पाइप जोडणारा रफनेक आणि डेकवर पडेल ते काम करणारा राउस्टअबाउट. ऑपरेटरचा माणूस ‘कंपनी मॅन’. विहिरीबाबत त्याचं म्हणणं फार वजनदार असतं, कारण पैसा त्याच्या कंपनीचा. तरंगत्या रिगवर कॅप्टनही असतो. संकटाच्या वेळी या तिघांत कोणी कोणाचं ऐकायचं हे आधीच लिहून ठेवलेलं असावं लागतं. आग लागल्यावर ते ठरवायला वेळ नसतो.

माणसं जखमी होतात ती स्फोटातच का?

नाही. स्फोट बातमीत येतो. रोजच्या जखमा हाताच्या आणि बोटांच्या, घसरून पडण्याच्या, वरून काही अंगावर पडण्याच्या आणि क्रेनच्या कामातल्या असतात.

ड्रिल पाइपचा एक तुकडा साधारण साडेनऊ मीटर लांब असतो. पाच इंची पाइप असेल तर त्याचं वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास भरतं. एकाला दुसरा जोडायचा, पीळ द्यायचा, खाली सोडायचा, पुन्हा नवा उचलायचा, असं बारा तास. फ्लोअर मडने निसरडा. पाइप पिळणाऱ्या टाँगचा जबडा पाइपवर बसतो त्या क्षणी बोट चुकीच्या जागी असेल तर हातमोज्याने काही वाचत नाही. नव्या रिगवर हे काम बरंचसं यंत्र करतं आणि माणूस काचेमागे बसतो, हा गेल्या काही दशकांतला खरोखर मोलाचा बदल आहे. जुन्या रिगवर मात्र हात अजूनही तिथेच असतात.

वरून पडणाऱ्या वस्तूंचं गणित करून पाहा. चाळीस मीटरवरून सुटलेला अर्ध्या किलोचा पाना खाली येतो तेव्हा त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटर झालेला असतो. हेल्मेट त्यासाठी बनवलेलंच नसतं. म्हणून डेरिकवर नेलेलं प्रत्येक हत्यार दोरीने बांधायचं आणि उतरताना मोजून परत द्यायचं. हे कटकटीचं वाटलं तरी करायचंच.

ब्लोआउट म्हणजे नेमकं काय?

जमिनीच्या पोटातल्या खडकात तेल-वायू प्रचंड दाबाखाली असतो. विहीर खोदताना तिच्यात जड द्रव भरलेला ठेवतात. त्याला मड म्हणतात. मडच्या वजनाने खालचा दाब दाबून धरलेला असतो. मड हलका पडला किंवा अंदाजापेक्षा जास्त दाबाचा थर लागला, की खालचा वायू विहिरीत शिरतो. ही ‘किक’.

किक ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. टाकीतला मड वाढतो. जितका आत पंप केला त्याहून जास्त बाहेर येतो. पंप बंद केले तरी विहीर वाहत राहते. मडच्या टाकीत काही पिंपांची वाढ दिसली की ड्रिलरने पंप थांबवून विहीर वाहतेय का ते पाहायचं आणि वाहत असेल तर ताबडतोब बंद करायची. वायू वर येताना फुगत जातो, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत पकडलेली किक आटोक्यात राहते. सुटली, तर तिचा ब्लोआउट होतो.

ब्लोआउट प्रिव्हेंटर असताना ब्लोआउट होतोच कसा?

बीओपी म्हणजे विहिरीच्या तोंडावर बसवलेली झडपांची उंच रास. काही झडपा पाइपभोवती आवळतात. सगळ्यात शेवटची, शिअर रॅम, पाइप कापून विहीर बंद करते. पण ती शेवटचा उपाय आहे. वेळेवर बंद केली तर काम करते, उशीर झाला तर समोरून येणाऱ्या लोंढ्याशी तिला झुंजावं लागतं. डीपवॉटर होरायझनवर आतला पाइप वाकून मध्यापासून बाजूला सरकला होता आणि पात्यांना तो पूर्ण कापता आला नाही. बीओपी आहे म्हणून निर्धास्त राहणं म्हणजे शेवटच्या भिंतीला पहिली भिंत समजणं.

डीपवॉटर होरायझनवर त्या दिवशी काय झालं?

तारीख २० एप्रिल २०१०. मॅकोंडो नावाच्या विहिरीचं खोदकाम संपलं होतं. सिमेंट भरून ती तात्पुरती बंद करून रिग निघणार होती. सिमेंट नीट बसलंय का हे तपासायला ‘निगेटिव्ह प्रेशर टेस्ट’ करतात : वरचा दाब मुद्दाम कमी करायचा आणि खालून काही येतं का ते पाहायचं. काही आलं नाही तर विहीर बंद आहे.

त्या संध्याकाळी ड्रिल पाइपवर दाब १,४०० पीएसआय दाखवत होता आणि किल लाइनवर शून्य. दोन्ही वाटा एकाच विहिरीत उतरतात, म्हणजे दोन्हींकडे सारखंच दिसायला हवं होतं. या विसंगतीला कोणीतरी ‘ब्लॅडर इफेक्ट’ असं नाव दिलं, ते बाकीच्यांना पटलं, आणि चाचणी पास धरली गेली. मग जड मड काढून त्याच्या जागी समुद्राचं पाणी भरायला सुरुवात झाली. टाक्यांतून मड इकडे-तिकडे हलवणंही सुरू होतं, त्यामुळे टाकीतली वाढ-घट नीट मोजता येत नव्हती. रात्री पावणेदहाच्या सुमारास मड फ्लोअरवर उसळला आणि काही मिनिटांत स्फोट झाला. १२६ पैकी ११ जण गेले. विहीर ८७ दिवस वाहत राहिली.

मला यातला तो आकडा सोडवत नाही. १,४०० समोर लिहिलेला होता. यंत्राने खोटं सांगितलं नव्हतं. नको असलेल्या आकड्याला सोयीचं स्पष्टीकरण सापडलं की माणसं ते स्वीकारतात, आणि थकलेली, काम संपवून निघायच्या बेतातली माणसं तर पटकन. म्हणून चाचणीचा निकाल काय आला तर पास म्हणायचं, हे चाचणीच्या आधी लिहून ठेवणं इतकं महत्त्वाचं आहे.

पायपर आल्फाचं नाव अजून प्रत्येक प्रशिक्षणात का घेतात?

कारण तिथे जे चुकलं ते आजही कुठल्याही पाळीत चुकू शकतं. ६ जुलै १९८८, उत्तर समुद्र. ऑक्सिडेंटल कंपनी चालवत असलेल्या या प्लॅटफॉर्मवर दोन पंपांपैकी एकाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसपाळीत दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी नुसती झाकणपट्टी बसवली होती. पंपाच्या देखभालीचा परवाना वेगळा आणि व्हॉल्व्हचा वेगळा. रात्री दुसरा पंप बंद पडला तेव्हा पाळीवरच्या माणसांना पंपाचा परवाना माहीत होता. व्हॉल्व्ह जागेवर नाही, हे त्यांच्यापर्यंत आलं नव्हतं. त्यांनी पंप चालू केला. झाकणपट्टीतून वायू सुटला आणि रात्री दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला.

पुढचं आणखी वाईट. पाण्यात उतरणारे पाणबुडे पंपाच्या ओढीत सापडू नयेत म्हणून आगीचे पंप हाताने चालू करायच्या स्थितीत ठेवलेले होते, त्यामुळे ते आपोआप सुरू झाले नाहीत. पायपर जळताना दिसत असूनही त्याला जोडलेल्या दोन प्लॅटफॉर्मांनी तेल पाठवणं लगेच थांबवलं नाही. बरीचशी माणसं राहण्याच्या भागात जमून सूचनेची वाट पाहत राहिली आणि धुराने गुदमरली. १६७ जण गेले. त्यात वाचवायला आलेल्या बोटीवरचे दोघेही होते. वाचलेल्या ६१ जणांतल्या अनेकांनी थांबायची सूचना न मानता समुद्रात उडी घेतली होती.

लॉर्ड कलेन यांच्या चौकशीने १९९० साली १०६ शिफारशी केल्या. सगळ्या स्वीकारल्या गेल्या. कंपनीवर फौजदारी खटला मात्र कधीच चालला नाही, आणि त्या कुटुंबांची ही सल मला न्याय्य वाटते.

वर्क परमिट म्हणजे नुसता कागदच ना?

कागदच. पण पायपर आल्फावर नेमका तोच कागद हातात नव्हता. वेल्डिंग, बंद टाकीत शिरणं, उंचीवरचं काम, दाबाखालची लाइन उघडणं, अशा प्रत्येक कामाला परमिट लागतं. काम अर्धवट राहिलं तर ते ‘थांबवलेलं’ म्हणून कंट्रोल रूममध्ये डोळ्यांसमोर असायला हवं. कपाटात ठेवलेल्या परमिटचा उपयोग नाही. पाळी बदलताना दोघांनी जागेवर जाऊन पाहावं : व्हॉल्व्ह कुठला बंद, कुलूप कोणाचं, टॅगवर नाव कोणाचं. हे काम दहा मिनिटांचं आहे. तरीही बारा तास उभं राहिलेल्या माणसाला त्या दहा मिनिटांचीच घाई असते. म्हणून ती वेळ पाळीच्या आत मोजली गेली पाहिजे, पाळी संपल्यावर नाही.

रिग उलटू शकते का?

हो. २७ मार्च १९८० रोजी नॉर्वेच्या हद्दीत अलेक्झांडर केलँड ही रिग उलटली. त्या वेळी ती कामगारांच्या निवासासाठी वापरात होती. २१२ पैकी १२३ जण गेले. कारण सापडलं ते सहा मिलिमीटरच्या एका वेल्डमध्ये. पाण्यातले आवाज टिपणारं छोटं उपकरण बसवायला एका आधारनळीवर केलेल्या त्या जोडाला तडा होता. लाटांच्या माराने तो वाढत गेला, नळी तुटली, मग एक अख्खा पाय निखळला.

ओशन रेंजर ही रिग १५ फेब्रुवारी १९८२ रोजी कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ वादळात बुडाली. बॅलास्ट कंट्रोल रूमची खिडकी लाटेने फुटली, पाणी पॅनेलवर पडलं, आणि रिगचा तोल सांभाळणारी ती यंत्रणा हाताने कशी चालवायची याचं प्रशिक्षण माणसांना पुरेसं नव्हतं. ८४ पैकी एकही वाचला नाही.

मुंबई हायवर २००५ साली काय झालं होतं?

२७ जुलै २००५. समुद्र सुरक्षा या जहाजावरच्या आचाऱ्याची बोटं कापली. पावसाळी हवामानात हेलिकॉप्टर नेता येत नव्हतं, म्हणून त्याला उपचारासाठी क्रेनने मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर उचलून घ्यायचं ठरलं. जहाजाच्या थ्रस्टरमध्ये अडचण होती, समुद्र खवळलेला, आणि जहाज लाटांनी प्लॅटफॉर्मकडेच लोटलं जाईल अशा बाजूला आलेलं. ते वायूच्या राइझरवर, म्हणजे समुद्रतळातून वर येणाऱ्या पाइपवर आदळलं, वायू सुटला आणि पेटला. दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म कोसळला. २२ जण गेले, ३६२ जणांना वाचवण्यात यश आलं.

जखमी माणसाला मदत करायची होती, हेतू चांगलाच होता. त्यामुळे हा अपघात आठवला की मन जास्त कळवळतं. जहाज वायूच्या राइझरजवळ कधी आणायचं नाही, हा निर्णय त्या घाईत घ्यायचा नसतो. तो आधीच लिहिलेला आणि जहाजाच्या कॅप्टनलाही माहीत असलेला असावा लागतो.

हेलिकॉप्टरचा प्रवास किती धोक्याचा?

रिगवरच्या नोकरीतला हा धोका घरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी शेटलंडजवळ चिनूक कोसळून ४५ जण गेले. २००९ साली स्कॉटलंडजवळ सुपर प्युमा पडून १६ गेले, २०१६ साली नॉर्वेत १३. म्हणून जाण्याआधी पाण्याखाली उलट्या झालेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पट्टा सोडण्याआधी एक हात खिडकीच्या कडेला, हे शरीराला इतकं सवयीचं व्हायला हवं की अंधारातही जमलं पाहिजे. हे प्रशिक्षण नुसतं उरकू नका.

कुजक्या अंड्याचा वास आला तर?

वाऱ्याला आडवं किंवा वाऱ्याच्या उलट दिशेने निघा, मास्क लावा, आणि मग इतरांना सांगा. तो हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. फसवी गोष्ट अशी की प्रमाण शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) आसपास गेलं की नाकाची संवेदनाच मरते. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून कित्येक जण दगावले आहेत. बेशुद्ध पडलेल्या सहकाऱ्याला वाचवायला मास्कशिवाय धावणारा दुसराही तिथेच पडतो. मन आवरणं कठीण असतं, पण आधी मास्क.

‘इतके दिवस अपघात नाही’ असा फलक दिसला तर रिग सुरक्षित समजायची का?

तेवढ्यावरून नाही. डीपवॉटर होरायझनवर स्फोटाच्या दिवशी बीपी आणि ट्रान्सओशनचे अधिकारी आले होते. सात वर्षं कामाचा एकही दिवस बुडवणारी दुखापत झाली नाही म्हणून कौतुक करायचं होतं. तो आकडा घसरणं, बोट चेपणं याबद्दल बोलतो. विहिरीच्या दाबाबद्दल तो काहीच सांगत नाही.

शिवाय या फलकाला बक्षीस जोडलं की जखमी माणसाला हलक्या कामावर बसवून दिवस ‘वाचवला’ जातो. मी विचारतो ते वेगळं : गेल्या महिन्यात थोडक्यात टळलेल्या किती घटना नोंदवल्या? बीओपीची चाचणी शेवटची कधी झाली? देखभालीची किती कामं थकली आहेत? एकही घटना नोंदवलेली नसेल, तर लोक बोलायला घाबरत आहेत असं मी समजतो.

काम थांबवण्याचा हक्क नव्या मुलालाही असतो का?

बहुतेक ऑपरेटर आणि कंत्राटदार तो लेखी देतात, अगदी पहिल्या दिवशीच्या राउस्टअबाउटलाही. प्रत्यक्षात रिगचं भाडं दिवसावर असतं, प्रत्येक तास महाग असतो आणि कंत्राटी माणसाला पुढच्या खेपेला बोलावणं येईल की नाही याची धास्ती असते. हक्क खरा आहे की नाही, हे तो वापरणाऱ्याशी टूलपुशर नंतर कसा वागतो यावर कळतं. शंका खोटी निघाली तरी ‘बरं केलंस थांबवलंस’ असं सगळ्यांसमोर म्हणणारा टूलपुशर मिळाला तर त्या रिगवर राहा.

दुखापत झाली तर काय करायचं?

लहान असली तरी रिगवरच्या डॉक्टरला किंवा मेडिकला दाखवा आणि नोंद त्याच पाळीत करून घ्या. ‘किनाऱ्यावर गेल्यावर बघू’ असं म्हणू नका. नोंदीची प्रत मागा. काय झालं ते स्वतःच्या शब्दांत लिहा, वेळ, जागा, कोण हजर होतं. न वाचता किंवा न समजणाऱ्या भाषेतल्या जबाबावर सही करू नका. पाठीचं दुखणं आणि कानात सतत घुमणारा आवाज यांची नोंद फार कमी होते आणि वर्षांनंतर ते रिगमुळेच झालं हे दाखवणं अवघड जातं.

भरपाई कोण देतं?

पहिला प्रश्न हा : तुमच्या पगाराच्या पावतीवर नाव कोणाचं? बहुधा तीच कंपनी जबाबदार धरली जाते. त्यापुढे रिग कोणत्या देशाच्या समुद्रात उभी आहे, कोणत्या देशात नोंदलेली आहे आणि करारात कोणता कायदा लिहिलाय यावर अवलंबून. अमेरिकेत तरंगत्या रिगवरचा खलाशी वेगळ्या कायद्याखाली येतो आणि कायमच्या प्लॅटफॉर्मवरचा कामगार वेगळ्या. म्हणून चढण्याआधीच कराराची प्रत, विम्याची माहिती आणि रिगचं नोंदणीचं ठिकाण घरी कोणाकडे तरी ठेवा.

सरकारची देखरेख असते ना?

असते. ब्रिटनमध्ये हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, अमेरिकेत बीएसईई, ऑस्ट्रेलियात नॉपसेमा. भारतात समुद्रातल्या कामासाठी २००८ चे स्वतंत्र सुरक्षा नियम आहेत आणि ते पाहणारी संस्था ओआयएसडी, म्हणजे तेल उद्योग सुरक्षा संचालनालय. पायपर आल्फा आणि डीपवॉटर होरायझन या दोन्ही अपघातांनंतर ही एकसारखी सुधारणा झाली : तेलाचं उत्पादन किंवा महसूल पाहणाऱ्या खात्याकडून सुरक्षेची देखरेख काढून घेतली. एकाच टेबलावर दोन्ही फायली असल्या की कुठली वर राहते, हे दोन देशांनी माणसं गमावून पाहिलं.

घरच्यांनी रिगवर जाणाऱ्याला काय विचारावं?

‘सांभाळून राहा’ तर म्हणाच. सोबत हेही विचारा : तुझी लाइफबोट कितवी? पर्यायी वाट कुठली? मस्टरच्या, म्हणजे संकटात सगळ्यांनी जमायच्या, जागेवर तुझं नावाचं टी-कार्ड कुठे लावायचं? झोपायच्या खोलीपासून तिथपर्यंत डोळे मिटून जाता येतं का? पहिल्या फोनवर त्याला उत्तरं आली नाहीत तर रागावू नका. दुसऱ्या फोनवर पुन्हा विचारा.